रांगोळी आहे का कुणाकडे?

आईच्या माळ्यावर पितळी भांडी होती आणि त्यांच्यावर नावं घातलेली होती. कुणा मामाचं, कुणा आत्याच्या यजमानांचं, खाली लग्नाची तारीख. आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरही नावं आहेत. फक्त ती एका टूथपेस्टची, एका रंगाच्या कंपनीची, एका म्युच्युअल फंडाची आणि एका सिमेंटची आहेत. सिमेंटवाल्यांनी मला स्टीलचा थर्मास दिला. मी जन्मात सिमेंटची गोणी विकत घेतलेली नाही. घरबांधणीच्या एका प्रदर्शनात फॉर्म भरणाऱ्याला थर्मास मिळणार होता आणि फॉर्मवर ‘बांधकाम कधी सुरू करणार?’ असा रकाना होता. मी ‘लवकरच’ लिहिलं. पुढे त्यांचा एक मुलगा नेमानं फोन करून ‘सर, पाया खणला का?’ असं विचारायचा. इतक्या आपुलकीनं माझी चौकशी नातेवाइकांतही कुणी करत नाही. शेवटी त्याचं मन मोडवेना, म्हणून मी ‘जोत्यापर्यंत आलंय’ असं सांगून टाकलं. त्यानं अभिनंदन केलं आणि स्लॅब कधी टाकताय ते विचारलं. आम्ही डोंबिवलीत एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो.

पुतणीच्या होणाऱ्या सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा बायकोनं चहा आणला तो सहा कपांत, आणि सहाही कप वेगवेगळ्या कंपन्यांचे. माझा एक मित्र औषध कंपनीत एमआर होता. डॉक्टरांना वाटून उरलेला माल तो आम्हाला आणून द्यायचा. मुलाच्या वडिलांच्या वाट्याला नेमका मूळव्याधीवरच्या मलमाचा कप आला. त्यांनी तो फिरवून फिरवून वाचला. बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही. सोयरीक मात्र जमली. निघताना त्या गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, “ते मलम खरंच चांगलं आहे का हो?”

आमच्या पिढीला ही खोड टूथपेस्टपासून लागली. बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचा एक इवलासा प्राणी निघायचा. हत्ती, हरीण, कांगारू. आम्ही भावंडं एरवी दात घासायला रडायचो, पण ट्यूब लवकर संपावी म्हणून ब्रशवर बोटभर पेस्ट घ्यायला लागलो. वडिलांच्या हे लक्षात आल्यावर त्यांनी काही न बोलता राखुंडीचा डबा आणून ठेवला. त्यातून कांगारू निघत नाही.

सौदा कसा करतात ते मी आईकडे पाहिलं होतं, शिकलो मात्र नाही. दुपारची जेवणं आटोपली की बोहारीण डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन चाळीत यायची. उंबऱ्याबाहेर ती, उंबऱ्याच्या आत आई आणि मध्ये जुन्या कपड्यांचा ढीग. बोहारीण साडीचा पदर उजेडाकडे धरायची, अंगठ्यानं जर घासून पाहायची, वडिलांच्या पँटीत हात घालून गुडघ्यातून बोटं आरपार काढून दाखवायची. “यात काय राहिलंय ताई, तुमीच सांगा.” आई पातेल्याचं बूड वाजवून बघायची. “पत्रा किती हलका गं हा! एक आमटी केली की पोचा येईल.” मग बोहारीण टोपली डोक्यावर चढवून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरायची, आई दार लोटून घ्यायची, पण कडी लावायची नाही. शेवटी आणखी एका पँटीची भर पडून पातेलं, त्यावर झाकणी आणि वर एक चमचा असा तह व्हायचा. बोहारीण ते कपडे धुऊन, टाके घालून बाजारात विकणार हे आईला ठाऊक होतं. या घरात त्या पँटीचं पुढे फडकंच होणार हे बोहारणीला ठाऊक होतं. दोघींनाही समोरचीचा नफा स्पष्ट दिसत होता. माझं तर मत असं आहे, की तेवढी सरळ एक्स्चेंज ऑफर नंतर या देशात झालीच नाही.

माझ्या वाट्याला आली ती एका मोठ्या दुकानातली. जुने कपडे, रद्दी, फुटक्या बादल्या, काहीही आणा, किलोवर भाव देऊ. रद्दीचा भाव आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या दुपटीहून जास्त. मी टेम्पो केला. काट्यावर माल चढला आणि माझ्या हातात सहाशे रुपयांची कुपनं आली. कुपनाच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, की हे कुपन बिलाच्या पाव हिश्शापर्यंतच चालेल. म्हणजे माझे सहाशे मला परत मिळायला मी आधी चोवीसशेचा माल उचलायचा. घरात काय हवंय ते आठवेना, म्हणून दुकानात काय आहे ते पाहिलं. मी बीनबॅग घेऊन आलो. आई मोठ्या कौतुकानं तिच्यावर टेकली आणि दिसेनाशी झाली. तिला वर काढायला मी आणि शेजारचा पोरगा असे दोघं लागलो. हात धरून ओढत असताना आतून तिनं विचारलं, “तुझ्या बाबांची टेरिकॉटची पँटसुद्धा दिलीस?” हो म्हटल्यावर म्हणाली, “बोहारणीनं त्या एकीवर डबा दिला असता.”

तरी मी पहिल्यापासून असा ढ नव्हतो, काही काळ तर मी या खेळात फॉर्मात होतो. १९९९ साली क्रिकेटचा विश्वचषक इंग्लंडात होता आणि ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ ही योजना गावोगाव गाजत होती. बिस्किटांच्या वेष्टनावर धावा छापलेल्या असत. शंभर धावा जमल्या की एक पुस्तिका मिळे, ती खरवडायची, नशिबात असेल तर थेट इंग्लंड. फोर्टातल्या आमच्या ऑफिसात फाइली बाजूला पडल्या आणि धावफलक पुढे आला. साहेबांना मधुमेह होता, पण विभागासाठी म्हणून तेही क्रीमचं एखादं बिस्किट ‘काढून’ देत. आमच्या लोकलच्या डब्यातला भजनाचा ग्रुप टाळ वाजवता वाजवता वेष्टनं माझ्याकडे पास करी. मी ती वहीत इस्त्री केल्यासारखी जपून ठेवी. भारत त्या स्पर्धेत सुपर सिक्समध्ये गारद झाला. मी त्याच्या आधीच झालो होतो. पँटी मात्र सैल करून घ्याव्या लागल्या, त्याचा दोष मी बिस्किटांना देत नाही.

खरी कळ लागली ती पुढे, एका माणसाची गोष्ट वाचल्यावर. त्याच १९९९ साली अमेरिकेत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनं आपल्या मालावरच्या बारकोडच्या बदल्यात विमानप्रवासाचे मैल देऊ केले होते. कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरनं गणित मांडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की कंपनीचं सगळ्यात स्वस्त असं पाव डॉलरचं पुडिंग घेतलं, तर मैलांची किंमत पुडिंगच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होते. त्यानं १२,१५० वाट्या पुडिंग घेतलं. खर्च तीन हजार डॉलरच्या थोडा वर. एवढे बारकोड मुदतीत सोलायचे कुणी? त्यानं पुडिंग धर्मादाय संस्थेला दान केलं आणि त्यांच्या स्वयंसेवकांकडून बारकोड सोलून घेतले. मैल मिळाले साडेबारा लाख. वर दान केलं म्हणून करातही सवलत! ही गोष्ट मी बायकोला इतक्या वेळा सांगितली आहे, की आता मी ‘कॅलिफोर्नियात’ म्हटलं की ती गॅस बंद करून बाल्कनीत जाते.

मीही तसंच करायचं ठरवलं. टोमॅटो केचपच्या ठरावीक लेबलांवर शाळेचं दप्तर मिळणार होतं आणि गणपती तोंडावर आले होते. मी खोकंभर बाटल्या आणल्या, लेबलं सोलली आणि बाटल्या सोसायटीच्या मंडळाला देणगी म्हणून दिल्या. अध्यक्षांनी माझं नाव माइकवरून घेतलं. पण लेबल नसलेल्या त्या लाल बाटल्या स्वयंपाकाकडे न जाता सजावटीच्या पोरांकडे गेल्या. त्या वर्षी आमच्या मंडळाचा देखावा पावनखिंडीचा होता. लोकांनी त्या रक्ताचं फार कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी खिंडीला मुंग्या लागल्या आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्याखाली डीडीटीची रेघ ओढावी लागली. माझी लेबलं पोचेपर्यंत ‘साठा संपेपर्यंत’ या अटीतला साठा संपलेला होता.

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. खात्याचं नाव आता वैधमापनशास्त्र असं भारदस्त आहे, पण काका अजून वजनमापेच म्हणतात. जगातला कुठलाही पुडा हातात आला की ते तो आधी उलटा करतात. पुढची बाजू कंपनीची, मागची कायद्याची, असं त्यांचं म्हणणं. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, सगळे कर धरून. त्याखाली कितीलाही विकायला दुकानदाराला कुणी अडवलेलं नाही. म्हणून एमआरपीवर वीस रुपये सूट दिली की आपण हरखतो, पण ती एमआरपी छापणारा कंपनीवालाच असतो, हे काका मला प्रत्येक दिवाळीला समजावतात. बऱ्याच मालाला पूर्वी पुड्याचं वजन ठरवून दिलेलं होतं. २०२२ मध्ये ती सक्ती गेली आणि त्याऐवजी एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला काय दर पडतो तो छापायची अट आली. तेव्हापासून काका खिशात भिंग ठेवतात. एकदा मी ‘एकावर एक मोफत’ शांपू घेऊन अभिमानानं जिना चढत होतो. काकांनी जिन्यातच भिंग लावलं. दोन छोट्या बाटल्यांचा मिलिलिटरचा दर दुकानातल्या एका मोठ्या बाटलीपेक्षा जास्त पडत होता. “फुकटची बाटली तुला महाग पडली,” ते म्हणाले. मला टक्कल पडत चाललंय हे त्यांनी मोठ्या मनानं काढलं नाही.

पण काकांचा सल्ला मी ज्या दिवशी घ्यायला हवा होता, त्या दिवशी नेमका घेतला नाही. मॉलच्या दारात एक चकचकीत मोटार आणि तिच्यापुढे काचेची पेटी असते. चिठ्ठीवर नाव, फोन, वार्षिक उत्पन्न लिहून पेटीत टाकायचं. ती मोटार कुणाला लागते ते मी आजवर पाहिलेलं नाही. फोन मात्र सगळ्यांना येतो. “अभिनंदन सर, तुमचं नाव निघालंय. गिफ्ट घ्यायला मॅडमना घेऊन जोडीनंच यायचं.” जोडीनं म्हटल्यावर बायकोनं सिल्कची साडी नेसली. मी उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलेला आकडा तिला सांगितला नव्हता, नाहीतर तिनं आधी माझ्याकडूनच मागितलं असतं.

ठाण्याच्या हॉटेलातल्या त्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली, मोठ्यानं गाणी लावलेली आणि प्रत्येक जोडप्यासमोर टाय लावलेला एकेक हसरा मुलगा. मधूनच एखाद्या टेबलावर टाळ्या वाजत आणि कुणीतरी ओरडे, “वेलकम टू द फॅमिली!” आमच्या मुलानं वही उघडली. “मॅडम, दरवर्षी सुट्टीत कुठे जाता?”

“ह्यांच्या मावशीकडे. मालवणला.”

“हॉटेलचा खर्च साधारण किती येतो?”

“मावशीकडे म्हटलं ना. एसटीचं तिकीट आणि मावशीला एक साडी.”

त्यानं घाम पुसला आणि तरी पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला. महागाई धरून आम्ही हॉटेलांवर लाखो रुपये उधळणार होतो. “पण मावशी पैसे घेत नाही,” बायको म्हणाली. यावर त्याच्या वहीत रकाना नव्हता. मग त्यानं आकडा सांगितला: पंचवीस वर्षांची मेंबरशिप, पावणेचार लाख, हा भाव फक्त आज, फक्त या टेबलावर. आम्ही गप्प बसलो तेव्हा मॅनेजर आले आणि तीन लाखांवर उतरले. नंतर त्यांचे साहेब आले, त्यांनी बायकोच्या साडीची तारीफ करून अडीच सांगितले आणि वर्षाला भरायचा देखभाल खर्च हळूच शेवटी सांगितला. मी पुरता घाबरलो होतो. खिशातल्या कार्डाकडे माझा हात आपोआप जात होता. बायको मात्र खुर्चीत सैलावून बसली. माझ्या आईच्या हाताखाली तिनं बरीच वर्षं काढली आहेत. तिनं विचारलं, “यांच्यावर आणखी कुणी मोठे साहेब आहेत का?”

आम्हाला दुसऱ्या दारानं बाहेर काढण्यात आलं. तिथं गिफ्ट मिळालं: सूप प्यायचे सहा वाडगे आणि ‘तीन रात्री, चार दिवस मोफत’ असं कुपन. कुपनावर नोंदणी शुल्क होतं, शनिवार-रविवार आणि सणांचे दिवस चालणार नव्हते, प्रवास आणि जेवण आपलं. मोफत होतं ते फक्त झोपणं, आणि ते मी ऑफिसातही करत आलो आहे. वाडग्यांचं काय करायचं? आमच्याकडे सूप कुणी पीत नाही. ते वाया जाऊ नयेत म्हणून मी सुपाची पाकिटं आणली, तीनवर एक मोफत. महिनाभर जेवणाआधी सगळे तोंड वाकडं करून मंचाव सूप पीत होते. शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोनं वाडगे वाण म्हणून लुटले. वाडगे सहा, म्हणून बोलावणीही सहाच. सोसायटीतल्या बाकीच्या बायकांनी धरलेला अबोला अजून सुटलेला नाही.

काका सगळं ऐकून खवळले. “ग्राहक संरक्षण कायदा वाच जरा, २०१९ चा. फुकट म्हणून द्यायचं आणि त्याची किंमत दुसऱ्या मालाच्या भावात बसवायची, किंवा देईन म्हणून जाहीर करायचं आणि द्यायचा विचारच नाही, याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. तक्रार ठोक!” मीही ठोकायच्या बेतात होतो. मग त्यांनी विचारलं, “याआधी कुणाला काही खोटी माहिती दिलेली नाहीस ना? हात स्वच्छ हवेत.” मला माझं जोत्यापर्यंत आलेलं घर आठवलं. तक्रार राहिली.

खात्यात पैसे येतात, वस्तू येत नाही, अशी सवलत मिळाली तर घरात अडगळ होणार नाही, असं मला वाटत होतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, मागोमाग ॲपवाल्यांची स्क्रॅच कार्डं आली आणि माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला काम मिळालं. घासलं की कधी सात रुपये, बहुतेकदा ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’, आणि अधूनमधून एखाद्या दाढीच्या तेलावर सूट. मला दाढी नाही. पण २०१९ च्या दिवाळीत एका पेमेंट ॲपनं जो खेळ काढला, त्यानं सगळ्या देशाला वेड लावलं. पाच शिक्के जमवायचे: पणती, फूल, कंदील, झुमका आणि रांगोळी. पाचही जमले की २५१ रुपये. कुणाला पैसे पाठवले, बिल भरलं की एखादा शिक्का पदरात पडे. जास्तीचा असेल तर दुसऱ्याला देता येई. कंदील पैशाला पासरी होते. झुमके तर मी वाटत सुटलो होतो. रांगोळी मात्र कुणाकडे नाही.

मी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीचे वेगळे, आल्याचे वेगळे, मिरच्यांचे वेगळे पैसे पाठवू लागलो. तो शेवटी म्हणाला, “साहेब, वांगी मोजून घालू का पिशवीत, एकेका वांग्याचे पाठवता?” वर्गमित्रांच्या ज्या ग्रुपवर मी कुणाच्या वडिलांच्या निधनालाही दोन दिवस उशिरा नमस्काराचा हात टाकतो, तिथं मी रोज पहाटे विचारू लागलो, रांगोळी आहे का कुणाकडे?

दिवाळीच्या पहाटे सगळी डोंबिवली फडके रोडवर असते. गणेश मंदिराकडे तोंड करून तरुण पोरं-पोरी नटूनथटून उभी, कुठे ढोल, कुठे सेल्फी, झब्ब्यांना अत्तराचा वास. मी दर्शन घेतलं आणि फोन वर धरून गर्दीत शिरलो. एवढ्या हजारो फोनांत एक रांगोळी नसेल? नऊवारी नेसलेल्या मुलींचा एक घोळका दिसला. मी पुढे होऊन, जमेल तितक्या वडीलधाऱ्या आवाजात विचारलं, “मुलींनो, रांगोळी आहे का तुमच्याकडे? मी झुमके देतो.”

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं मैत्रिणीला घट्ट धरलं. तेवढ्यात मागून कुणीतरी किंचाळलं, “अहो काका, रांगोळीतच उभे आहात!”

मी खाली पाहिलं. मी संस्कारभारतीच्या भल्यामोठ्या रांगोळीच्या मधोमध उभा होतो. एक बाई गुडघ्यांवर बसलेल्या, मनगटापर्यंत हात पांढरे, चाळणीतून गुलाबी रंग पडायचा तिथल्या तिथे थांबलेला. त्या पहाटे तीनपासून काढत होत्या म्हणे. माझ्या कोल्हापुरीचे ठसे मोरपंखी वर्तुळातून कमळाच्या पाकळीवर आणि तिथून थेट शुभ दीपावलीच्या ‘शु’ वर गेले होते. मी घाईनं मागे सरलो, तर उरलेली पाकळीही गेली. बाहेर यावं तर कुठल्याही बाजूनं रंगच. शेवटी दोन स्वयंसेवकांनी मला काखेत धरून उचलून बाहेर ठेवलं आणि सगळ्या घोळक्यानं त्याचा व्हिडिओ काढला. तो माझ्या भाच्याला पुण्यात पोचला तेव्हा मी अजून रिक्षातच होतो.

घरी येऊन मी शेवटचा डाव टाकला. बायकोच्या फोनवर ५०१ रुपये पाठवले. मोठ्या रकमेला चांगला शिक्का येत असेल अशी माझी समजूत. मला पुन्हा कंदील आला. “आता ते परत पाठव,” मी म्हटलं.

“ओवाळणी कुणी परत करतं का?” ती म्हणाली. “मी म्हटलं, यंदा पाडव्याला आठवण न करता आली. बरं वाटलं.”

भाऊबीजेला मेहुणा आला आणि जेवता जेवता सांगू लागला, की त्याला त्या ॲपवर २५१ रुपये मिळाले. रांगोळी कुठून मिळाली? “ताईनं दिली की. तिच्याकडे दोन होत्या.” मी बायकोकडे पाहिलं. दूधवाल्याचं बिल भरताना एक आली, वाण्याचं भरताना दुसरी. “अगं, मग मला का नाही सांगितलंस?” “तुम्ही मला विचारलं कुठे?” ती श्रीखंड वाढत म्हणाली, “तुम्ही गावाला विचारत होतात.” मेहुण्यानं ते २५१ ओवाळणीच्या ताटात घातले. तिचे स्वतःचे २५१, भावाचे २५१ आणि माझे ५०१. बायकोची त्या वर्षीची दिवाळी १,००३ रुपयांची झाली आणि तिनं एकही कार्ड घासलं नव्हतं.

आता घरातला खरा फायदा बायका उठवतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. मालवणची मावशी तर पंचाहत्तरीच्या पुढची. तिला २०२२ पासून एसटी सगळीच फुकट. किमान खरेदी नाही, खरवडणं नाही, आधार कार्ड दाखवायचं आणि खिडकीशी बसायचं. ती कोकमं आणि कुळथाचं पीठ घेऊन वाटेल तेव्हा येऊन टपकते. गेल्या महिन्यात ती आणि बायको अशा दोघी मिळून कोल्हापूरला गेल्या, अंबाबाई, ज्योतिबा, तिथून पंढरपूर. मी विचारलं, मी येऊ का? मावशी म्हणाली, “तुझं पुरं तिकीट पडतं रे बाबा.”

एकटा घरी राहिलो, तेव्हा जेवणाच्या ॲपवर थाळीवर थाळी मोफत होती. २९९ ची थाळी. पुढे पॅकिंगचे, पोचवण्याचे, प्लॅटफॉर्मचे, पावसाचे असे एकेक आकडे चढत गेले. कुठल्याशा देणगीचे पाच रुपये मी न विचारता कबूलही झालेले होते. शेवटी मेंबरशिप घ्या म्हणून एक चौकट आली. नको म्हणायचं असेल तर दाबायच्या बटणावर लिहिलं होतं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’. एवढं मोठं खोटं माझ्यानं बोलवेना. मी मेंबर झालो.

दुसरी थाळी म्हणून काकांना हाक मारली. बिल पाहताच त्यांनी भिंग काढलं. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असे तेरा फसवे प्रकार नावानिशी यादीत घातले आहेत, ते त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. किंमत थेंबाथेंबानं वाढवणं, टोपलीत गुपचूप माल सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं. माझ्या एका बिलात निम्मे निघाले. वरण गार होत होतं.

मग त्यांनी दोन्ही डबे जवळ ओढले, झाकणं उघडली, भाजीची पातळी बारकाईनं पाहिली आणि विचारलं, “यातली फुकटची कुठली? मी तेवढीच खातो, म्हणजे तुझे पैसे द्यायला नकोत.”

मी बटाटे कमी असलेला डबा त्यांच्याकडे सरकवला.